अर्धवट साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळींत साक्ष द्यायची एक ठरलेली रीत आहे. अहमदनगरला मी ज्या चर्चमध्ये वाढलो, तिथे संजीवन सभेत कोणीतरी उठायचं, घसा खाकरायचं आणि सांगायचं, की मी अमुक व्यसनात आकंठ बुडालो होतो, एका रात्री गुडघे टेकले आणि सकाळी उठलो तर इच्छाच मेलेली. सभा ‘हालेलूया’ म्हणायची. लहानपणापासून हेच कानावर पडल्यामुळे माझी समजूत पक्की झाली, की देव व्यसन सोडवतो तो असा, एका फटक्यात. आणि तसं होत नसेल तर खोट आपल्या विश्वासात आहे. ही समजूत मी नोकरीसाठी चेन्नईला आलो तेव्हा सोबत आणली आणि बरीच वर्षं सांभाळली. आता ती उरलेली नाही. ती कशी गेली, एवढंच सांगायचं आहे. सिगारेट कायमची सुटली म्हणून मी हे लिहीत नाहीये, हेही आधीच सांगून टाकतो.

सिगारेट सोडायच्या प्रयत्नाला लागण्याआधी काही वर्षं मी तिची चक्क वकिली केली. बायबलमध्ये तंबाखूचं नावही नाही, हा माझा हुकमी मुद्दा. नसणारच, कोलंबसाच्या सफरीआधी ती युरोपात कोणी पाहिलीही नव्हती, आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. शिवाय लंडनचे नामांकित प्रवचनकार स्पर्जन यांनी १८७४ मध्ये भर चर्चमध्ये सांगून टाकलं होतं, की आपण देवाच्या गौरवासाठी सिगार ओढतो. हा दाखला मी कोणाच्याही तोंडावर मारायचो. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचं नातं डॉल आणि हिल या संशोधकांनी आकडेवारीनिशी १९५० मध्ये मांडलं, म्हणजे स्पर्जन जाऊन अर्धशतक उलटल्यावर, हे मात्र सोयीस्करपणे गाळायचो. वकिली थकली ती युक्तिवादाने नाही, जिन्याने. तिसऱ्या मजल्यावर दम लागायला लागला.

मग प्रार्थना सुरू झाली आणि तिच्यासोबत लपवाछपवी. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कंपनीबाहेर चहाचं दुकान आहे. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० मध्ये बंदी आली. इथे ती सर्रास सुटी मिळते. खांबाला सुतळीने लायटर टांगलेला असतो, तो ओढायचा, पेटवायची आणि सोडून द्यायचा. खिशात पाकीट नको, काडेपेटी नको, म्हणजे घरी काही सापडायची भीती नाही. दर वर्षी राखेच्या बुधवारी मी सिगारेट सोडायचो आणि ईस्टरआधीचे लेंटचे ४० दिवस खरोखर पाळायचो. ईस्टरची पहाटेची उपासना, दुपारची बिर्याणी आणि संध्याकाळी पुन्हा तोच लायटर.

माझ्या खात्यातला एक सहकारी कार्तिक लागला की अय्यप्पाची माळ घालायचा. काळी वेष्टी, अनवाणी पाय, ४१ दिवसांचं व्रत. त्या काळात साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याला ‘सामी’ म्हणत. चहावालाही त्याला नुसता चहा द्यायचा. सिगारेट मागितली असती तरी दिली नसती. शबरीमलाहून परतल्यावर जानेवारीत तो माझ्या शेजारी उभा राहून धूर सोडत होता. मी म्हटलं, “काय सामी, पुन्हा?” तो हसून म्हणाला, “माळ उतरली. आता कुठला सामी, सार?”

त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. आम्ही दोघेही सोडू शकत होतो, हे तर उघड होतं. दोघांनाही शेवटची तारीख ठाऊक होती, हेही खरं. पण त्याचं व्रत सगळ्या रस्त्याला माहीत होतं आणि रस्ता ते सांभाळत होता. माझा उपास कोणालाच माहीत नव्हता. उपास करताना तो लोकांना दाखवू नये, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे. मी त्या शिकवणीच्या आडोशाला बसलो होतो. मला नम्रता जपायची नव्हती. हरलो तर कोणाला कळू नये, एवढंच हवं होतं.

शेवटी आमच्या पाळकांना सांगितलं. इथे त्यांना सगळे ‘पास्टर अय्या’ म्हणतात. एखादं वचन आणि लांबलचक प्रार्थना मिळेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारलं, “सकाळची पहिली किती वाजता?” मी म्हणालो, तल्लफ येते डोळे उघडले की, चहाच्याही आधी. “मग प्रार्थना मी करतोच,” ते म्हणाले, “पण तुम्ही डॉक्टरकडेही जा. उठल्या उठल्या लागते म्हणजे शरीर निकोटिनला बांधलं गेलंय.”

निकोटिनचं गम चघळणं हा तोवर माझ्या लेखी अविश्वास होता. देवाकडे मागायचं आणि औषधवाल्याकडेही मागायचं, म्हणजे दोन दगडांवर पाय. तरी गेलो. समुपदेशक बाईंनी आधी गम चघळायला शिकवलं. साध्या च्युइंगमसारखं सटासट चावायचं नाही. तोंडात झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं. निकोटिन तिथून रक्तात जातं, गिळलं तर वाया. तल्लफ एरवीही काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं कॉफी नको, कारण तिच्या आम्लतेने निकोटिन शोषलं जात नाही.

मग त्यांनी विचारलं, कॉफी किती पिता? चेन्नईत हा काय प्रश्न झाला! पण पुढचं ऐकून मी गप्प झालो. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे यकृत कॅफीन भराभर निपटतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो, आणि नेहमीचीच कॉफी अंगात जवळजवळ दुप्पट साचते. हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते. लेंटच्या पहिल्या आठवड्यात मध्यरात्री उठून ज्या धडधडीशी मी सैतान समजून झुंजत होतो, तिच्यात फिल्टर कॉफीचा चांगलाच वाटा होता.

मग विश्वासाचं काम काय उरलं? मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त उरलं, फक्त जागा बदलली. पौलाने आपल्या देहातल्या काट्याबद्दल लिहिलं आहे. तो काढून टाक म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. हा भाग मी शंभरदा वाचला असेन, पण साक्षीच्या साच्यात तो बसत नाही म्हणून त्यावरून पुढे सरकायचो. माझा काटाही निघालेला नाही. पूर्वी एखाद्या गुरुवारी घसरलो की शुक्रवारी अख्ख्या पाकिटाइतक्या व्हायच्या, आणि रविवारी चर्चला जायचं तोंड नसायचं. एका सिगारेटने जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं त्या लाजेने केलं. आमच्या उपासनेत प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापांची कबुली देते, ‘आम्ही’ म्हणून. पुढच्या बाकावरचे वयोवृद्ध डॉक्टरही तेच शब्द म्हणतात. आता मी घसरलो तरी रविवारी तिथे असतो. घसरण्याआधी देव मला अडवेल अशी वाट मी पाहत होतो. तो मला भेटतो घसरल्यानंतर, आणि गुरुवारची एक शुक्रवारी दहा होत नाही.

गेल्या लेंटमध्ये घरगुती प्रार्थनासभेत मी उठून हे सगळं सांगितलं, गमसकट, कॉफीसकट. नंतर एका वडीलधाऱ्यांनी बाजूला घेऊन समजावलं, “साक्ष जिंकल्यावर द्यायची असते, तंबी.” पुढच्या आठवड्यात त्यांच्याच शेजारी बसणाऱ्या गृहस्थांनी मला हळूच गमचा भाव विचारला. त्यांना भाव सांगितला आणि १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फुकट नंबरही दिला. तो सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण आमच्यासारखे सुटी घेणारे पाकीट बघतात कुठे?

एका रात्रीत व्यसन गेल्याची साक्ष देणाऱ्यांवर माझा आजही अविश्वास नाही. त्यांचं तसं झालं असेल. माझं तसं झालेलं नाही आणि ते होण्याची वाट पाहणं मी सोडलं आहे. प्रार्थना चालू आहे, गम चालू आहे, कॉफी अर्ध्यावर आणली आहे. घसरलो तर त्याच आठवड्यात कोणाला तरी सांगतो. साक्ष अर्धवट आहे, पण खरी आहे.