होनिन्बो बायकांच्या, तेव्हाच्या आणि आताच्या

नव्वदीच्या दशकात आम्ही जपानमधल्या एका लहान शहरात राहत होतो. तिथल्या दैनिकात मी बातम्यांच्या आधी गो या पटावरच्या खेळाचा रकाना शोधायचे. एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघांचा तळहातभर पट, त्यावर आकडे घातलेल्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आणि शेजारी कुणा जाणत्याचं भाष्य. एकच डाव रोज थोडाथोडा, मालिकेसारखा छापत. महिला होनिन्बो ही क्योदो वृत्तसंस्थेची स्पर्धा, त्यामुळे तिचे डाव गावोगावच्या दैनिकांत पोचत. निकाल केव्हाच लागलेला असायचा, तरी उद्याच्या अंकात कोपऱ्यातली पांढरी जगते की मरते, याची हुरहुर असायचीच. योशिदा मिका, चिनेन काओरी ही नावं मी अशीच हप्त्याहप्त्याने ओळखीची करून घेतली.

स्टेशनासमोर जिना चढून गेलं की गोचा अड्डा होता. दिवसाचे पैसे भरायचे, चहा मिळायचा आणि सिगारेटच्या धुरात निवृत्त मंडळी डावावर डाव लावत. बहुतेक वेळा मी तिथे एकटीच बाई. मंडळी सज्जन होती, शिकवायचीही मनापासून. पण महिला होनिन्बोचा डाव कुणी पटावर मांडला की एक वाक्य हमखास यायचं: ‘बायकांच्या मानाने छान खेळते हं!’ त्या दिवसांची आठवण काढताना हे वाक्य वगळायचं म्हटलं तर ती आठवण खोटीच ठरेल.

खरं तर तेव्हाही इतिहास त्यांच्या नाकासमोर होता. १९२४ मध्ये निहोन किइन ही व्यावसायिकांची संस्था उभी राहिली, त्यात किता फुमिको या बाईंचा मोठा हात होता. त्यांच्याकडे शिकलेल्या होंडा घराण्यातल्या काझुको, साचिको आणि तेरुको या तिघी बहिणी व्यावसायिक खेळाडू झाल्या. बुद्धिबळातल्या आपल्या खाडिलकर भगिनी आठवाव्यात अशीच ही गोष्ट. पन्नाशीच्या दशकातल्या महिला अजिंक्यपदावर काझुकोंनी हुकमत गाजवली. १९८२ मध्ये त्या स्पर्धेची जागा महिला होनिन्बोने घेतली आणि तोही किताब साचिको-तेरुको दोघींनी मिळवला. लग्नानंतर सुगिउचि झालेल्या काझुकोबाई नव्वदी ओलांडल्यावरही अधिकृत सामने खेळत राहिल्या.

किताबाच्या लढतीचा थाट मात्र जुनाच बरा, असं मला अजून वाटतं. कायाच्या लाकडाचा जाड पट, शिंपल्याच्या पांढऱ्या आणि नाची दगडाच्या काळ्या सोंगट्या. तर्जनी नि मधल्या बोटात धरलेली सोंगटी पटावर टेकते तेव्हा ‘पाची’ असा कोरडा आवाज येतो. टोकियोत निहोन किइनच्या इचिगायातल्या मुख्यालयात एका खास खोलीत कादंबरीकार कावाबातांच्या हस्ताक्षरातली पट्टी टांगलेली आहे. डाव संपला की हरलेली आणि जिंकलेली दोघी तिथेच बसून सोंगट्या पुन्हा मांडत, कुठे चुकलं ते एकमेकींना विचारत.

हे मांडणं आजही होतं. पण चूक कुठली ते बघणाऱ्यांना आधीच कळलेलं असतं. २०१६ मध्ये अल्फागो या संगणकी प्रोग्रॅमने ली सेदोल या नामवंत खेळाडूला ४-१ हरवलं आणि त्यानंतर प्रक्षेपणाच्या पडद्यावर टक्क्यांची पट्टी आली. काळी ६२, पांढरी ३८. एक सोंगटी पडते आणि आकडे उलटेपालटे होतात. ज्याला गो ओ की ठो कळत नाही तोही ‘अरेरे, चुकली!’ म्हणतो. माझ्या आठवडाभराच्या हुरहुरीचा हिशेब हल्ली दोन सेकंदांत चुकता होतो.

पण खेळ? तिथे मात्र मी गप्प बसते. फुजिसावा रिनाने २०१४ मध्ये पंधराव्या वर्षी महिलांचा पहिला किताब घेतला आणि २०२० मध्ये तरुणांच्या स्पर्धेत मुलांनाही मागे टाकलं. प्रतिस्पर्ध्याचे मोठमोठे गट सरळ ठार मारणारी उएनो आसामी ‘हातोडा’ म्हणून ओळखली जाते; सामन्याआधी ती हवेत ठोसे मारत शॅडो-बॉक्सिंग करते! २०१९ मध्ये र्‍यूसेई स्पर्धेत पुरुषांना हरवत तिने अंतिम फेरी गाठली आणि २०२४ मध्ये नवोदितांचा शिनजिन-ओ किताब घेतला. तोवर तो एकाही बाईला मिळाला नव्हता. नाकामुरा सुमिरे दहाव्या वर्षी व्यावसायिक झाली, तेराव्या वर्षी महिला किसेई जिंकली आणि २०२४ मध्ये अधिक कडवी स्पर्धा हवी म्हणून कोरियात खेळायला गेली. बायकांच्या मानाने? छे!

उलट पडझड झाली ती थोरल्या, खुल्या होनिन्बोची. वर्तमानपत्रांना ओहोटी लागली तशी २०२४ पासून त्याची लढत सातावरून पाच डावांची झाली आणि विजेत्याचं बक्षीस २ कोटी ८० लाख येनवरून ८५ लाखांवर आलं. रकान्यावर जगलेला खेळ रकान्याबरोबरच आटणार, हे ओघानेच आलं.

महिला होनिन्बोच्या निर्णायक डावांचा हंगाम शरदाचा, आणि हल्ली निहोन किइनच्या यूट्यूब वाहिनीवर ते घरबसल्या बघता येतात. नियम तासाभरात समजतात. फक्त एक करा: पडद्यावरच्या त्या टक्क्यांच्या पट्टीवर कागदाचा कपटा चिकटवा आणि मग डाव बघा.