पुढे आलेला हात

दादर, 12 जानेवारी

चि. सानिका,


पत्र मिळालं. पुणे स्टेशनबाहेर तुमचा ग्रुप चादरी वाटत असताना तिथं झोपणाऱ्या एका माणसानं हात पुढे केला, तू हात जोडलेस, आणि परतताना मैत्रिणीनं तुला त्यावरून बरंच सुनावलं. तिचं म्हणणं, तू त्याचा अपमान केलास. तुझं म्हणणं, नमस्कार हा अपमान कसा? आणि निवाडा करायला आत्या. बरं, करते.

नमस्कारात वाईट काहीच नाही. माझ्या वयाच्या बायका आयुष्यभर त्यावरच भागवत आल्या. पण समोरचा हात पुढे करून थांबलेला असताना केलेला नमस्कार हा नकारच, सभ्य असला तरी. ऑफिसात नव्या साहेबांनी हात पुढे केला असता तर जोडले असतेस का हात? नाही ना? मग मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं तिलाही कळलेलं नाही, त्याकडे येतेच.

‘हात आपोआप जोडले गेले’ असं तू लिहिलं आहेस. मला त्या आपोआपचाच संशय येतो. आपल्याकडे स्पर्श कधी साधा नव्हताच. पाणी वरून ओंजळीत ओतायचं, नाणं वरून टाकायचं, बोटाला बोट लागू द्यायचं नाही, हे आपल्यासारख्या घरांतल्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, राज्यघटनेचं अस्पृश्यता संपवणारं सतरावं कलम 1950 पासून लागू. तरी एखाद्या दुकानात जरा वेळ उभी राहून बघ: एका गिऱ्हाइकाच्या तळहातावर सुटे पैसे ठेवले जातात, दुसऱ्याचे काउंटरवर सरकवले जातात. दुकानदाराला विचारलंस तर तोही आपोआपच म्हणेल.

रोगांचंही विचारलं आहेस. क्षय हवेतून पसरतो, हस्तांदोलनातून नाही. कुष्ठरोग अशा स्पर्शानं होत नाही, बहुतेकांच्या अंगात त्याला प्रतिकार असतोच. खरूज व्हायला त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहावी लागते. सर्दी आणि जुलाब हातावरून येऊ शकतात, पण ते तुझ्या बसच्या दांड्यावरूनही येतात, आणि तो दांडा तू रोज धरतेस. जेवायच्या आधी साबणानं हात धू, विषय संपला.

उलट माझ्या नोकरीत मी हे प्रकरण नेमकं दुसऱ्या बाजूनं पाहिलं आहे. परळला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या आसपासचा फुटपाथ तुला दाखवला होता, आठवतो? बंगाल, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं तिथं प्लास्टिकच्या आडोशाला महिनोन्‌महिने राहतात. उशाशी कपड्यांचं गाठोडं आणि पिशवीत नीट गुंडाळलेली फाइल. गावी घर असतं, कधीकधी जमीनही असते, नाहीतर उपचारासाठी विकलेली असते. आमच्या दादरला गाडगे महाराज धर्मशाळा अशाच रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना आसरा देते. गाडगेबाबा स्वतः गाडगं आणि खराटा घेऊन उघड्यावर फिरले, आणि धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी. पण कुठल्याही धर्मशाळेत खाटा मोजक्याच असतात, बाकीची माणसं रस्त्यावर. तर या फुटपाथवर केमोथेरपी चालू असलेल्या माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, आणि डॉक्टर त्याला बजावतात, कुणाशी हात मिळवू नका. तिथं तुझा स्वच्छ, क्रीम लावलेला हात त्याच्यासाठी धोक्याचा. नवे स्वयंसेवक प्रेमानं हात पुढे करायचे आणि पेशंट अवघडून मागे सरायचे. आम्ही स्वयंसेवकांना हेच सांगायचो, पेशंटचा हात आला तर घ्या, आपला आधी पुढे करू नका.

मैत्रिणीला न कळलेलं निम्मं ते हेच. तिच्या मते तूच पहिल्यांदा हात पुढे करायला हवा होतास, सगळ्यांशी, रांगेनं. का म्हणून? फुटपाथवरच्या माणसाला दार नसतं, म्हणून न विचारता त्याच्या घरात घुसता येतं असं आपण धरून चालतो. नीट पाहिलंस तर चपला पथारीच्या कडेला काढलेल्या दिसतील. उंबरा तिथं आहे. त्याच्या अलीकडे थांबायचं, अहो-जाहो करून बोलायचं, त्यानं बस म्हटलं तर बसायचं. झोपलेल्याला चादर द्यायला हलवून उठवायचं नाही. तुमच्यातल्या मुलांनी तर तिथल्या बायकांपुढे हात करूच नये. रस्त्यावर रात्र काढणाऱ्या बाईला अनोळखी पुरुषाच्या हाताचा अनुभव चांगला नसतो, आणि हा हात चांगल्या मुलाचा आहे हे तिनं कशावरून ओळखायचं? ज्याच्या मनाचा तोल ढळलेला आहे, त्यालाही अचानक झालेला स्पर्श हल्ल्यासारखा वाटू शकतो.

चादरी वाटतानाच्या फोटोंबद्दल मी काही बोलले नाही तरी तुला माझं मत ठाऊक आहे. 1987 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात राजकुमारी डायनानं हातमोजा न घालता एड्सच्या रुग्णाशी हात मिळवला आणि तो फोटो जगभर गेला. त्यानं लोकांची भीती खरोखर कमी झाली, हे मान्य. पण त्या फोटोत रुग्ण पाठमोरा आहे, कारण चेहरा दिसू द्यायची त्याची तयारी नव्हती. एवढी विचारपूस तरी तुमच्या ग्रुपनं करावी.

आता त्या हाताकडे परत येते, कारण त्यात तू एक गोष्ट पाहिलीच नाहीस. भीक मागणारा तळहात उताणा असतो. त्याचा हात, तूच लिहिलं आहेस, आडवा आला होता. आपल्याकडे उताण्या तळहातासाठी 1959 चा कायदाच आहे, मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा. त्यात मागणाराच नव्हे, तर उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, असाही माणूस भिकारी ठरू शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्लीला लागू केलेल्या याच कायद्याची मुख्य कलमं तिथल्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे कायदा आहेच. म्हणजे या माणसांना परक्याचा हात लागतो तो बहुधा दंडाला धरून गाडीत चढवणारा, नाहीतर वरून काहीतरी टाकणारा. तुझ्या हातात चादर असताना, ती घेण्याआधी, त्यानं आडवा हात पुढे केला. चादर नंतर, आधी ओळख, असं त्याला म्हणायचं असावं. तुम्ही देणारे, तो घेणारा, हा हिशेब त्यानं घडीभर बाजूला ठेवायचा प्रयत्न केला आणि तू हात जोडून तो परत मांडलास.

याचा अर्थ प्रत्येक हात घेतलाच पाहिजे असा काढू नकोस. एकटी असलीस, रात्र असली, समोरचा प्यालेला असला किंवा हात सोडणार नाही असं वाटलं, तर खुशाल मागे हो. मी मनाशी एकच विचारते: हाच माणूस इस्त्रीच्या शर्टात असता तर मी हात दिला असता का? दिला असता, तर द्यावा. तेव्हाही दिला नसता, तर आताही नाही म्हणायला लाजू नये.

तो लग्नाच्या केटरिंगमध्ये वाढपी आहे असं तू लिहिलंस, आणि मला हसू आलं. दिवसभर खरकट्याच्या आणि साबणाच्या पाण्यात असलेला तो हात तुझ्यामाझ्या हातांपेक्षा जास्त वेळा धुतला गेला असेल. आपण त्याच्या हातची जिलेबी खाल्लीही असेल, कुणाच्या तरी लग्नात. स्टेशनाबाहेर तो झोपतो कारण काम तिथून मिळतं. माणसं फुटपाथवर राहतात ती कामाच्या जवळ राहता यावं म्हणून, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच ऑल्गा टेलिस खटल्यात मान्य केलं होतं. तरी फुटपाथवरून हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम राहिला, फक्त आधी नोटीस द्यायची. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजले, पुलाखालचे, जिन्याखालचे, फलाटांवरचे, ह्यूम पाइपांत झोपणारेसुद्धा. देशात सुमारे 17 लाख 70 हजार भरले, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. त्यात असे वाढपी, हमाल, नाक्यावरचे मजूर किती असतील याचा तूच अंदाज कर.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा चादरीबरोबर पालिकेच्या बेघर निवारा केंद्राची माहिती ने. शहरी उपजीविका अभियानाच्या नियमांप्रमाणे दर एक लाख वस्तीमागे किमान शंभर माणसांची सोय व्हायला हवी होती. पण आधी स्वतः तिथं जाऊन ये. पाणी आहे का, सामान ठेवायला कुलूप मिळतं का, आधार कार्ड मागतात का, आणि मुख्य म्हणजे रात्री किती वाजता दार लावतात ते विचार. लग्नातली शेवटची पंगत उठून भांडी आवरेपर्यंत वाढप्याला मध्यरात्र होते. त्या वेळी आत घेत नसतील, तर तो पत्ता त्याला देऊ नकोस, उगाच पायपीट होईल त्याची. केंद्रवाल्यांशीच भांड. ते तुला चांगलं जमतं.

तुझ्या बाबाला सांग, गुडघ्याचा एक्स-रे काढून घे म्हणावं.

तुझी,
आत्या