हिंदुराव, पप्पा आणि फ्लॅट नंबर ३०४

महापेहून सुटलेली कंपनीची बस शीळफाट्याला अडकली की आमच्यात वेळ काढायचे खेळ सुरू होतात. परवाचा खेळ होता, आवडता खलनायक. थानोस, जोकर, गब्बर, मोगॅम्बो अशी नावं आली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "निळू फुले." सगळे हसले आणि मागच्या सीटवरून कोणीतरी लगेच घोगऱ्या आवाजात वाड्यावर बोलावणं धाडलं. निळूभाऊंचं नाव निघालं की हे होतंच. मी मात्र 'सामना'बद्दल बोलत होतो. समजावून सांगण्याआधीच सिग्नल सुटला.

लहानपणी मला तात्या विंचूची भीती वाटायची. 'झपाटलेला' १९९३चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा. पण टीव्हीवर तो इतक्यांदा लागायचा की आमच्या पिढीलाही पुरला. दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि रामदास पाध्यांची बाहुली. ते पाहून मी चुलत बहिणीची बाहुली माळ्यावर टाकून दिली होती. त्याच महेश कोठाऱ्यांच्या 'धडाकेबाज'मधला कवट्या महाकाल मुखवटा घालून फिरायचा. आज हे दोघं दिसले की मला हसू येतं. मुखवट्याची भीती मुखवटा उतरेपर्यंतच टिकते.

'माहेरची साडी' लागला की आजी उषा नाडकर्णींच्या सासूला टीव्हीसमोर बसून शिव्या घालायची. त्या शिव्या खऱ्या होत्या, कारण तशी सासू तिने जवळून पाहिली होती. म्हणजे खलनायक लक्षात राहतो तो ओळखीचा असल्यामुळे, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, हॉस्टेलवर लॅपटॉपवर 'सामना' बघताना.

जब्बार पटेलांचा हा पहिला सिनेमा, लेखन विजय तेंडुलकरांचं. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे-पाटील आहेत, साखर कारखान्याचे आणि अख्ख्या गावाचे धनी. गावात एक फाटका, दारुडा मास्तर येऊन पडतो. ते श्रीराम लागू. हिंदुराव या मास्तराला घरी आणतात, खाऊपिऊ घालतात, आपण उभं केलेलं साम्राज्य कौतुकाने दाखवतात. मास्तर मात्र गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाचं, मारुती कांबळेचं, काय झालं हे विचारत राहतो. सिनेमाभर एवढा एकच प्रश्न.

मी वाट बघत होतो की हा माणूस आता राक्षसासारखा हसेल. तो हसतो, पण पाहुण्याला बरं वाटावं म्हणून. आपण वाईट आहोत हे त्याच्या गावीही नाही. गावाला कारखाना दिला, पाणी दिलं, रस्ते दिले. मग एका माणसाचं काय एवढं, असा त्याचा सरळ हिशोब. ते पाहताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण या माणसाला आमच्या आईने पोहे करून घातले होते.

पप्पा डोंबिवली एमआयडीसीत नोकरीला होते. २०१० साली त्यांनी शीळ-दिवा पट्ट्यात फ्लॅट घेतला, तिसऱ्या मजल्यावर, ३०४. तेवढ्या पैशांत दुसरीकडे खोलीसुद्धा येत नव्हती. बिल्डर स्वतः पेढे घेऊन आला. पप्पांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'साहेब' म्हणत होतं. "राहिलेले सावकाश द्या, साहेब, घर तुमचंच आहे." व्यवहार नोटरीवर झाला. ओसी हा शब्द आमच्या घरात कोणाला माहीत नव्हता.

४ एप्रिल २०१३. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. संध्याकाळी शीळमधल्या लकी कंपाउंडमध्ये एक इमारत कोसळली. परवानगी नव्हती, वर बांधकाम चालू होतं आणि खाली माणसं राहत होती. ७४ माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. पुढे बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले. त्या रात्री आमच्याकडे ॲम्ब्युलन्सचे आवाज येत होते. पप्पा उठले आणि हॉलमधल्या कॉलमवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. काय ऐकू येणार होतं?

दोन दिवसांनी आमचा बिल्डर आला. सगळ्या मजल्यांवर फिरला. आमच्याकडे बसला, पोहे खाल्ले, लिंबू मागून घेतलं. "आपलं काम तसं नाही, साहेब. मी काय माझ्या माणसांना मारीन?" आवाजात खरी माया होती. त्याला ते खरंच वाटत असावं. घरातल्या कोणी त्याला कागद विचारला नाही. पोहे खाणाऱ्या माणसाला असं कसं विचारायचं?

गेल्या वर्षी मी कर्ज काढून कल्याणला, सगळे कागद असलेल्या सोसायटीत घर घेतलं. हप्ता झेपेना, म्हणून ३०४ विकायचं ठरलं. एजंट म्हणाला, "नोटरीवर होतंय सगळं, टेन्शन घेऊ नका." एका रविवारी साताऱ्याकडचं एक जोडपं बघायला आलं. तो गोडाऊनला कामाला, तिला सातवा महिना. तिने खिडकी उघडून पाहिली, वारा येतो म्हणाली. त्याने संकोचत विचारलं, "कागदपत्रं क्लिअर आहेत ना, काका?"

पप्पांनी आधी त्यांना पाणी दिलं. मग हसून म्हणाले, "अरे, आम्ही पंधरा वर्षं राहतोय. काय झालं आम्हाला?"

उत्तर खोटं नव्हतं. पण तो सूर मी ओळखला. माझा बाप खलनायक नाही, कोणाचा पाय चुकून लागला तरी स्वतःच सॉरी म्हणणारा माणूस आहे. आणि मी शेजारी उभा राहून मोबाइल बघत होतो. याच जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचा पत्रकार आहेत. त्याला सगळं दिसतं, सगळं कळतं, आणि तो काही करू शकत नाही. मला वाटायचं, आपण फार तर दिगू असू. त्या दुपारी लक्षात आलं, दिगूला निदान त्यातून पैसे मिळत नव्हते.

त्यांना सोडायला मी खाली गेलो आणि जिन्यातच सांगून टाकलं. ओसी नाही, इमारत अनधिकृत आहे, उद्या नोटीस आली तर हातात काही राहणार नाही. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग तुम्ही का विकताय?" तिने त्याचा हात धरला आणि दोघं खाली उतरले. परत फोन आला नाही.

रात्री जेवताना मी पप्पांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. चिडले नाहीत. खूप वेळाने एवढंच म्हणाले, "आपल्याला सांगितलं होतं का रे कोणी?"

मारुती कांबळेच्या प्रश्नासारखाच हाही प्रश्न. मला त्याचं उत्तर देता आलं नाही. ३०४ला सध्या कुलूप आहे, हप्ता चालू आहे. आणि एजंटने कालच कळवलंय, दुसरी पार्टी आहे, फार चौकशी न करणारी.