एक रात्र, दोन गऱ्या

शनिवारी रात्री तुम्ही काय करता? मीच सांगते. मल्टिप्लेक्स, नाहीतर कुणाच्या तरी बर्थडेची पार्टी, आणि काहीच जमलं नाही तर पांघरुणात शिरून वेबसिरीजचे सहा एपिसोड. माझंही हेच. पण महाशिवरात्रीनंतरच्या शनिवारी रात्री साडेअकरा वाजता मी बदलापूरच्या पुढे, चामटोलीजवळ, उल्हास नदीच्या काठी एका फोल्डिंग स्टुलावर बसले होते. डोक्याला कानटोपी, अंगाला ओडोमॉस, हाताला शेंगदाण्याच्या पेंडीचा वास. आणि शेजारी बाबा, ज्यांच्याशी मी दोन महिने खोटं बोलत होते.

खोट्याचं नंतर. आधी मासे.

आम्ही राहतो अंबरनाथला, पण बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. त्यामुळे आमच्या घरात ‘फिशिंग’ नसतं, ‘गरवणं’ असतं. गरी म्हणजे गळ. दरवर्षी फाल्गुनात बाबा एक रात्र नदीवर काढतात. फाल्गुनच का? तर थंडीत रोहू-मृगळ सुस्त पडून राहतात, खात नाहीत. पावसात पाणी गढूळ आणि भलतंच जोरात. एप्रिल-मेमध्ये काठावर माणूसच शिजतो. पळस फुलला, पाण्याचा गारठा मोडला की मासा खायला लागतो, हा बाबांचा फंडा. मी लहानपणी दरवर्षी ‘मीपण येते’ म्हणून रडायचे आणि दरवर्षी उत्तर यायचं, ‘तिथे बाथरूम नाही.’ भावाला कधी कुणी बाथरूमचं विचारलं नाही! तो दोनदा गेला, दोन्हीदा कंटाळून झोपला, आणि आता टोरांटोत आहे.

बाबांचे खरे जोडीदार होते दादा. उल्हासनगर कॅम्प नंबर चारचे. १९४८ साली सात वर्षांचे असताना कराचीहून बोटीने मुंबईत आणि तिथून कल्याणच्या लष्करी बराकींत. त्या कॅम्पचं पुढच्याच वर्षी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहर झालं आणि नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. दादा म्हणायचे, ‘हमारी नदी वहीं रह गई, तो इस नदी का नाम ले लिया.’ सिंधी माणूस आणि नदीचा मासा हे प्रकरण आपल्याला कळायचं नाही. त्यांचा झुलेलालच पल्ला माशावर बसलेला असतो. पल्ला म्हणजे बंगाल्यांची हिलसा, समुद्रातून सिंधू नदीत वर चढणारी. ती उल्हासमध्ये कुठून मिळणार? मग दादांनी रोहूशी जमवून घेतलं. ते त्याला डंभरो म्हणायचे आणि तो लागला की ‘आ गया गाँववाला!’ म्हणून ओरडायचे. यात तथ्य आहे बरं का. रोहू मुळात आपल्याकडचा नव्हेच, तो गंगेचा, ब्रह्मपुत्रेचा आणि सिंधूचाही. १९५७ साली हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची पैदास करून दाखवली. मग बीज हवं तेवढं मिळायला लागलं आणि हे मासे देशभरच्या तळ्या-धरणांत पोचले. दादांसारखेच, आले आणि इथलेच झाले.

दादा गेल्या दिवाळीत गेले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना रात्री गाडी चालवणं जमत नाही, आणि आई त्यांना एकटं सोडायला तयार नाही. ‘यंदा राहू दे,’ असं ते तीनदा म्हणाले. बाबा एखादी गोष्ट तीनदा ‘राहू दे’ म्हणाले की ती त्यांना हवी असते. म्हणून मी म्हटलं, ‘मी येते.’ या वेळी बाथरूमचा विषय निघाला नाही. आई तेवढी म्हणाली, ‘नदीचा मासा? वालधुनीतला आणणार की काय?’ तिचं बरोबरच आहे. १०६० सालचं आमचं शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभं आहे, ती नदी आम्ही नाकाला रुमाल लावून ओलांडतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये कुणीतरी तिच्यात रसायन ओतलं, तेव्हा उल्हासनगरात किती तरी लोकांना श्वास घेता येईना म्हणून हॉस्पिटलात न्यावं लागलं होतं. पण आम्ही जाणार होतो उल्हासवर आणि तेही बदलापूरच्या वरच्या अंगाला.

तर अ‍ॅक्टिव्हाला दोन रॉड बांधून, संध्याकाळी पाचला निघालो. एक रॉड बाबांचा. दुसरा दादांचा, त्यांच्या नातवाने दिवसकार्य झाल्यावर घरी आणून दिलेला. त्याच्या रिळावर ‘मेड इन जपान’ लिहिलंय. उल्हासनगरातली मेड इन जपान वस्तू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको! दादांना विचारलं तर ते शपथेवर सांगायचे, ‘ओरिजिनल है.’

चामटोली हे नाव तुम्ही ऐकलेलं असेल. २०१९ च्या २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली ती इथेच. हजारभर प्रवासी, सगळीकडे पाणी, नौदलाच्या बोटी, हेलिकॉप्टर. आता तीच नदी शेताच्या कडेने अशी शांत चालली होती की हिने गाडी अडवली यावर विश्वास बसू नये. पण उन्हाळ्याच्या तोंडावरही तिला पाणी असतं. का, ते बाबांनी सांगितलं. घाटमाथ्यावर ठोकरवाडीला आंध्रा नदी अडवलीय. तिचं पाणी खरं तर पूर्वेला, इंद्रायणी-भीमेतून थेट बंगालच्या उपसागराकडे जायचं. पण १९२२ पासून ते भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरात खाली सोडलं जातं, वीज करतं आणि पेज नदीतून उल्हासला मिळतं. म्हणजे मी लहानपणापासून जे बदलापूरचं पाणी पितेय त्यातलं बरंचसं मुळात दुसरीकडेच निघालं होतं!

शेत बाबांच्या ओळखीच्यांचं, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. उजेड होता तोवर माझं ट्रेनिंग झालं. जपानात म्हणे नवशिक्याने सुरुवात फुना नावाच्या माशापासून करायची, आपल्या गोल्डफिशच्या भावकीतला. आपल्याकडे ती जागा चिलापीची, म्हणजे तिलापियाची. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकन पाहुणा आता कुठल्याही डबक्यात सापडतो. मी गांडूळ गरीला लावलं (किंचाळले, पण लावलं) आणि अर्ध्या तासात तळहाताएवढ्या तीन चिलाप्या काढल्या. सॉलिड वाटलं! बाबांनी तिन्ही परत सोडल्या. ‘ही प्रॅक्टिस.’

रात्रीचा कारभार वेगळा. आमिष दादांच्या रेसिपीचं. भाजलेली शेंगदाण्याची पेंड, शिळा पाव, कणीक, बडीशेप आणि नखाएवढा हिंग. लिंबाएवढा गोळा करून गरी त्यात लपवायची, लांब फेकायची, रॉड दोन काटक्यांच्या बेचक्यावर टेकवायचा आणि टोकाला एक बारीक घंटी बांधायची. मग बसायचं. घंटी वाजेपर्यंत बसायचं. एवढंच. मोबाइलला रेंज नव्हती. चंद्राची कोर कधीच मावळली होती. मधूनच टिटवी ओरडायची, आणि लांबून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज यायचा.

एक वाजता बाबांनी थर्मासमधला चहा दिला आणि नदीकडे बघत म्हणाले,

‘पास संपलाय तुझा.’

‘काय?’

‘रेल्वेचा. फ्रिजवरच्या टोपलीत आहे. बारा जानेवारीला संपला.’

आता खोट्याचं. डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या न्यूज पोर्टलची ‘टीम रिस्ट्रक्चर’ झाली. आठ जणांना एका व्हिडिओ कॉलवर निरोप मिळाला, त्यात मी. सोमवारी घरी सांगू म्हटलं. सोमवारी आईने सवयीने डबा भरला, आणि मी तो घेऊन निघाले. तेव्हापासून रोज सव्वाआठची लोकल, ठाण्याला उतरायचं, एका कॉफी शॉपमध्ये एकशे ऐंशी रुपयांची एक कॉफी पाच तास पुरवायची आणि सगळ्या संपादकांना मेल टाकत बसायचं. मित्रमैत्रिणींना सांगितलं होतं, ‘मी फ्रीलान्स करतेय.’ मास कॉमला असताना फ्रीलान्स हा शब्द किती कूल वाटायचा! जानेवारीत एक लेख छापून आला, फेब्रुवारीत दोन. पैसे अजून ‘प्रोसेसमध्ये’.

मी सगळं सांगितलं. अंधारात सांगणं सोपं असतं, समोरच्याचा चेहरा दिसत नाही. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘नोकरी गेली त्याचं नाही. मी तीस-बत्तीस वर्षं एमआयडीसीच्या भोंग्यावर उठलो. कोण कामावर जातंय आणि कोण नुसतंच जातंय, ते मला कळत नाही असं वाटलं तुला?’

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी कानटोपी खाली ओढली.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधी अंबरनाथला बाबांच्या पहिल्या कंपनीत टाळेबंदी झाली. आईला सातवा महिना. डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलेलं. बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि बदलापूरला येऊन नदीवर बसायचे. तिथे एक सिंधी माणूस गरी टाकून बसायचा. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, ‘कंपनी बंद हुई क्या?’ आणि हातात दुसरी गरी दिली. ते दादा.

‘म्हणजे तुम्ही मासेबिसे...’

‘त्याआधी लहानपणी गावाला. इथे नाही. इथे वेळ कुठे होता?’

‘किती दिवस चाललं?’

‘सव्वा महिना.’

‘आणि आईला?’

‘तिला तिसऱ्याच दिवशी कळलेलं. डब्याच्या तळाला वाळू लागायची. तीही बोलली नाही.’ मग थोडं थांबून, ‘मला वाटायचं मी तिला सांभाळतोय. ती मला सांभाळत होती. त्या सव्वा महिन्यात आम्ही एकमेकांशी धड बोललोच नाही. तो सगळ्यात वाईट काळ. पैसे नव्हते त्यापेक्षा.’

यावर मी काय बोलणार? चहा गार झाला होता. तो प्यायले.

पावणेचारला घंटी वाजली. दादांच्या रॉडची. आधी एकदा किणकिण, मग घंटी वेड्यासारखी. मी रॉड उचलला आणि रीळ कर्रर्र करत सुटलं. हातात अशी जिवंत ओढ मी आयुष्यात अनुभवली नव्हती. मी उलट ओढायला गेले, तसे बाबा ओरडले, ‘ओढू नको! तंगूस तुटेल. पळू दे त्याला. आता थांबलाय, आता गुंडाळ... हळू!’ दहा मिनिटं असावीत, मला तास वाटला. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले (साठी उलटलेला माणूस, रात्री, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला, आईने बघितलं असतं तर!) आणि दांड्याच्या जाळीत त्याला घेतलं. टॉर्चच्या उजेडात तांबूस झाक मारणारी खवलं. रोहू. बाबांच्या हाताच्या अंदाजाने दोन किलोला थोडा कमी.

‘आ गया गाँववाला,’ बाबा म्हणाले. अगदी हळू.

आणि हो, ‘मेड इन जपान’ टिकलं. ओरिजिनल असावं.

सकाळी घरी जायच्या आधी गाडी उल्हासनगरला वळवायला लावली. पहिल्या माशाचा अर्धा वाटा दादांच्या घरी, ही जुनी पद्धत. दादी दारातच उभ्या होत्या. मासा बघून त्यांनी आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग लगेच सुनेला हाक मारून सेयल मछीसाठी कांदे कापायला बसवलं. कोपऱ्यात झुलेलालच्या तसबिरीला ताजा हार होता, शेजारी दादांचा फोटो.

मग व्हायचं तेच झालं. ‘और बेटा, नौकरी कैसी चल रही है?’

मी बाबांकडे बघितलं. बाबा बुटाची नाडी सोडत होते. मान वर न करता म्हणाले, ‘छोड दी उसने. अब खुद का काम करती है. लिखने का.’

मला वाटलं, आता ‘अरेरे’ येणार. आमच्या सोसायटीत नक्की आलं असतं. पण मी विसरले होते की मी कॅम्प चारमध्ये बसलेय, जिथे दुसऱ्याची नोकरी करणं हीच काळजीची गोष्ट समजतात. दादींचा चेहरा एकदम खुलला.

‘अरे वाह! मतलब धंधा शुरू किया! पहले क्यों नहीं बताया?’ आणि सुनेला पुन्हा हाक, ‘घीयर ला, घीयर!’

होळी जवळ आली की उल्हासनगरच्या मिठाईवाल्यांकडे घीयर दिसायला लागतात, जिलबीच्या थोरल्या बहिणीसारखे, ताटलीएवढे, पाकात निथळणारे. बाबांना शुगर आहे. त्यांनी दोन खाल्ले.