मान, गळा आणि एक आकडा

मराठी भाषा माणसाच्या मानेवर भलतीच प्रसन्न आहे. मान डोलते, गळा दाटतो, घसा बसतो आणि कंठ फुटतो! डोके आणि धड यांच्यामधल्या वीतभर मुलखाला चार नावे, आणि प्रत्येकाचा मामला निराळा. वर्गात हे वैभव मी मोठ्या ऐटीने सांगतो. त्याला तोलामोलाचा जोडीदार मात्र मला गेल्या वर्षी कपिलधारला भेटला.

कार्तिकी पौर्णिमेची यात्रा नुकतीच उलगली होती. मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेऊन आम्ही धबधब्याजवळ टेकलो होतो. सोबत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. पुण्यात बसून ती अमेरिकेतल्या रुग्णांच्या कागदांवर रोगांचे संकेतांक घालते.

"सर, आमच्या पुस्तकातही मानेचे असेच तुकडे आहेत," ती म्हणाली.

मानेची उघडी जखम म्हणजे एस ११. स्वरयंत्र व श्वासनलिका असेल तर पुढे शून्य, थायरॉइड ग्रंथीला एक. जागा सांगितलीच नसेल तर नऊ. मग जखमेची जात. भोसकलेली पण आत काही नसलेली, एस ११.९३, भोसकलेली आणि वस्तू आत असलेली, एस ११.९४. शेवटी सातवे अक्षर: मुख्य उपचार चालू असतील तर ए, जखम भरून येत असेल तर डी, मागे व्यंग राहिले तर एस. मधली रिकामी जागा एक्सने भरायची! वृत्त जुळावे म्हणून 'च' आणि 'हि' पेरणारे जुने पद्यकार मला आठवले.

"आणि डॉक्टरांनी नुसते 'मानेला जखम' एवढेच लिहिले तर?"

"तर त्यांना विचारायचे. मनाने काही घालायचे नाही. कागदावर नाही, ते आमच्या लेखी नाही."

मी हसलो नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. तोडलेल्या उसाचा खुंट भाल्यासारखा असतो. तो कुणाच्या मानेत घुसला, तर जागच्या जागी उपसू नये; फाटलेली रक्तवाहिनी कदाचित त्यानेच दाबून धरलेली असते. तो हलणार नाही असा आधार देऊन जखमीला मोठ्या रुग्णालयात न्यायचे. वाटेत बाहेरचे टोक मोडून पडले, तर वरून दिसते ते एक बारीक भोक. अशा वेळी सोबतच्या चिठ्ठीवर 'आत तुकडा आहे' हे तीन शब्द असले, तर पुढचा डॉक्टर सावध होतो. नसले, तर?

संकेतांक तिकडच्या विम्याच्या हिशेबासाठी असेल; चिठ्ठी इथल्या माणसाच्या जिवासाठी असते. नेमकेपणा मात्र दोन्हींकडे एकच.

समोरून भाविक चालले होते. कितीकांच्या गळ्यात इष्टलिंग होते. माणूस जिथे आपला देव बाळगतो, त्या जागेबद्दल तरी मोघम लिहू नये.