वस्ती दोह्यातली, बातम्या मुंबईच्या

बिन महमूद हा दोह्याच्या बी रिंग रोड आणि सी रिंग रोडच्या मधला दाट वस्तीचा भाग. फ्लॅटच्या इमारती, खाली किराणा आणि सलून, आणि नोव्हेंबर 2019 पासून मेट्रोच्या गोल्ड लाइनचे स्थानक. कतारमध्ये आठ लाखांहून अधिक भारतीय आहेत आणि या भागात त्यांच्यातली बरीच नोकरदार कुटुंबे राहतात. त्यांचे भाडे, शाळा, व्हिसा सगळे इथले. मत मात्र भारतातल्या बातम्यांवर बनते.

याला स्थानिक माध्यमांची घडण कारण आहे. ‘गल्फ टाइम्स’ 1978 पासून आणि ‘द पेनिन्सुला’ 1996 पासून इंग्रजीत निघतात. सरकारी निर्णय, व्यापार, खेळ हे सगळे त्यांत व्यवस्थित असते, वाद नसतो. 1979 चा प्रकाशन कायदा जुना झाला तरी लागू आहे, आणि 2020 मध्ये दंडसंहितेत अफवांबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रियालपर्यंत दंडाची तरतूद आली. दोह्यातूनच चालणारी ‘अल जझीरा’ जगभरातल्या सरकारांना धारेवर धरते. घरच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार.

मल्याळी माणसाला इथे आपल्या भाषेतले रेडिओ आणि वृत्तपत्र मिळते. मराठी दैनिक इथे छापले जात नाही. उरते ती मुंबईची वाहिनी, मोबाइलवर, आणि व्हॉट्सअॅप. पॉल लाझार्सफेल्ड यांनी 1940 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा वृत्तपत्र-रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जास्त वजनदार ठरला होता. बिन महमूदमध्ये हा ओळखीचा माणूस म्हणजे बहुधा इमारतीच्या ग्रुपवरचा एखादा जुना रहिवासी.

5 जून 2017 रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. जमिनीवरची एकमेव सीमा सौदीशी; ती बंद झाली. रमजानचा महिना होता. सुपरमार्केटात रांगा लागल्या आणि रिकाम्या फळ्यांचे फोटो दुकान भरण्याआधी सगळीकडे पोचले. दुबई-शारजामार्गे सुट्टीची तिकिटे काढलेल्यांची खरी पंचाईत झाली. काही दिवसांत सौदी दुधाच्या जागी तुर्की दूध आले, आणि लेबलवरचे शब्द समजावणारे फलकही दुकानांत लागले. दुकानात जाऊन आलेल्याची धास्ती कमी झाली. फोटो पाहणाऱ्याची, विशेषतः गावाकडच्या नातेवाइकांची, टिकून राहिली.

योगायोगाने 5 जून 2022 लाच उलटा प्रवास दिसला. भारतीय वाहिनीवरच्या चर्चेतल्या एका विधानावरून कतारने भारतीय राजदूतांना बोलावून निषेध नोंदवला. मायदेशातला स्टुडिओतला वाद अशा वेळी इथल्या ऑफिसात, वरिष्ठांसमोर येऊन बसतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना कतारमध्ये फाशीची शिक्षा झाली. आरोप कोणत्याच सरकारने जाहीर केले नव्हते, तरी भारतीय वाहिन्यांवर त्यावर रात्ररात्र चर्चासत्रे झाली. दोह्याच्या वृत्तपत्रांत जवळपास शुकशुकाट. डिसेंबरमध्ये शिक्षा कमी झाली, 12 फेब्रुवारी 2024 रोजी सुटकेची घोषणा दिल्लीहून आली. एकीकडे तर्कांचा सुकाळ आणि दुसरीकडे मौन, अशा वेळी ग्रुपवर गप्प राहणे हेच शहाणपण ठरते. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्र मंडळ ही पोकळी भरत नाही, आणि तशी अपेक्षाही चुकीची. दूतावासाच्या छत्राखालच्या इंडियन कल्चरल सेंटरशी ते जोडलेले आहे. त्याचे काम गणेशोत्सवाचे आणि नाटकाचे.

यात नुकसान होते ते रोजच्या प्रश्नांचे. 2020 मध्ये नोकरी बदलताना लागणारे मालकाचे ना-हरकत पत्र रद्द झाले. मार्च 2021 पासून दरमहा 1000 रियालचे किमान मूळ वेतन लागू झाले. बिन महमूदच्या मराठी नोकरदारासाठी पहिला बदल त्या काळातल्या कोणत्याही राजकीय बातमीपेक्षा मोठा होता, आणि मराठी वाहिन्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.