‘टू’मध्ये विरलेला ‘ला’

मराठी माध्यमातील विद्यार्थी इंग्रजी व्याकरणात जिथे हमखास अडखळतात अशा नियमांपैकी एक असा की, ‘विदाऊट’, ‘ऑफ’, ‘बिफोर’, ‘इन’ या शब्दयोगी अव्ययांपुढे क्रियापद आले तर ते ‘टू गो’ या रूपात येत नाही, ‘गोइंग’ या रूपातच येते. हा नियम बहुधा कारणाविना पाठ करून घेतला जातो, आणि म्हणूनच तो परीक्षेनंतर टिकत नाही. वास्तविक त्याचे कारण समजून घेण्याची सामग्री विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत, श्रीवर्धनसारख्या गावात सुपारीच्या वाडीत सहज कानावर पडणाऱ्या वाक्यांतसुद्धा, तयार असते.

‘रोठा सुपारी सोलायला बायका आल्या’, ‘सोलण्यासाठी माणसे हवीत’, ‘सोलण्यात दिवस गेला’ आणि ‘सोलण्याने हात काळे पडले’ ही चार वाक्ये शेजारी ठेवली तर धातूपासून झालेल्या नामाची दोन वेगळी रूपे दिसतात. मोल्सवर्थने 1831 च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात क्रियापदांची नोंद ज्या ‘-णें’ रूपाने केली, ते रूप नामासारखे चालते. त्याचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी होणारे रूप, ‘सोलण्या-’ असे होते आणि त्यानंतरची जागा मोकळी असल्यामुळे तिथे ‘-साठी’, ‘-त’, ‘-ने’, ‘-पूर्वी’ यांपैकी काहीही बसू शकते. ‘सोलायला’ची गोष्ट वेगळी आहे. ‘सोलावयाला’ या जुन्या रूपाचा तो संक्षेप असून त्यात ‘-ला’ हा प्रत्यय आधीच बसलेला आहे, त्यामुळे ‘सोलायलासाठी’ असे कोणी बोलत नाही आणि ते चुकीचे का, हे सांगण्याची गरजही कोणाला भासत नाही.

‘टू गो’ हे नेमके ‘जायला’च्या जातीचे रूप आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचे साधे नामरूप ‘-अन’ या अंताचे होते, परंतु हेतू किंवा दिशा सांगायची असली की त्या नामरूपाला ‘-एन्ने’ हा चतुर्थीचा अंत लागे आणि त्याच्या आधी ‘टो’ हे दिशावाचक अव्यय येई. पुढे शब्दांचे अंत झिजत गेले, चतुर्थीची खूण नाहीशी झाली आणि ‘टू’ एवढाच अवशेष उरला, ज्याला आज इंग्रजी भाषक अव्यय न मानता क्रियापदाची निव्वळ खूण मानतात. ‘टू’चा मूळ अर्थ फिका पडल्यावर हेतू ठसवण्यासाठी त्याच्याआधी ‘फॉर’ जोडण्याची पद्धत काही शतके चालली. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यात ‘फॉर टू’ विपुल आढळते आणि काही बोलींत ते अजूनही ऐकू येते. प्रमाण इंग्रजीने मात्र तो जोड टाकून दिला. तेव्हा ‘फॉर टू गो’ असे लिहिणारा विद्यार्थी अज्ञानापोटी भलतेच काही लिहितो असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला एवढेच दाखवायला हवे की ‘टू गो’ म्हणजे ‘जायला’, जागा भरलेले रूप, आणि ‘गोइंग’ म्हणजे ‘जाण्या-’, जागा मोकळी असलेले रूप.

ही तुलना सर्वत्र लागू पडत नाही हेही सांगितले पाहिजे, कारण ‘विदाऊट गोइंग’ला मराठीत ‘गेल्याशिवाय’ आणि ‘आफ्टर गोइंग’ला ‘गेल्यावर’ म्हणतात, म्हणजे तिथे मराठी ‘-णे’ सोडून भूतकालवाचक कृदन्ताकडे वळते.

नामाशी क्रियापद जोडताना अडचण वाढते, कारण मराठीचा एकटा ‘-चा’ जे काम करतो ते इंग्रजीत ‘टू’ आणि ‘ऑफ’ यांच्यात वाटले गेले आहे. श्रीवर्धनचेच एक उदाहरण घेऊ. भट घराण्याकडे तिथली देशमुखी होती. त्या घराण्यातील बाळाजी विश्वनाथ, पुढचे पेशवे, जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर देशावर गेले. त्यांच्याविषयी लिहिताना ‘श्रीवर्धन सोडण्याचा निर्णय’ आणि ‘श्रीवर्धन सोडण्याची कल्पना’ यांत मराठीला काहीच फरक करावा लागत नाही, परंतु इंग्रजीत ‘डिसिजन टू लीव्ह’ आणि ‘आयडिया ऑफ लीव्हिंग’ असे दोन मार्ग होतात. ‘डिसाइड’, ‘रिफ्यूज’, ‘अटेम्प्ट’ यांसारख्या ज्या क्रियापदांना ‘टू’ लागतो, त्यांच्यापासून झालेली नामेही बहुधा तो टिकवतात, हा आधार बऱ्याच ठिकाणी पुरतो. ‘होप’ मात्र क्रियापद असताना ‘टू’ घेते आणि नाम झाल्यावर बहुतेकदा ‘ऑफ’कडे जाते. याउलट ‘पोहण्यात रस’ आणि ‘पोहण्यात अडचण’ यांतील ‘-त’ इंग्रजीत जसाच्या तसा ‘इन’ म्हणून उतरतो, त्यामुळे तिथे चुकण्याचे कारण नाही.

‘यूज्ड टू’चा घोटाळाही मराठीच्या मदतीने सुटतो. ‘तो वाडीत झोपायचा’ यात गेलेल्या काळातला परिपाठ आहे, तिथे ‘यूज्ड टू स्लीप’. ‘त्याला वाडीत झोपायची सवय आहे’ यात सवय हे नाम आहे, तिथला ‘टू’ खरे अव्यय आहे आणि म्हणून ‘इज यूज्ड टू स्लीपिंग’. ‘टू’नंतर एखादे साधे नाम ठेवून पाहिले आणि वाक्य टिकले, तर तो अव्यय समजावा, ‘लुक फॉरवर्ड टू’ याच कसोटीला उतरते.

सर्वांत सुंदर, आणि शिकवताना सर्वांत दुर्लक्षित, प्रकार म्हणजे नाम, ‘टू’ आणि शेवटी लोंबणारे अव्यय यांची रचना. ‘खायला गरे’, ‘बसायला झोपाळा’, ‘कातरायला अडकित्ता’ या तिन्हींत मराठीची ठेवण एकच आहे. गरे खाल्ले जातात, झोपाळ्यावर बसले जाते आणि अडकित्त्याने कातरले जाते, हा भेद ऐकणारा अर्थावरून जाणतो, ‘-वर’ आणि ‘-ने’ उच्चारण्याची गरज पडत नाही. इंग्रजीला तो भेद सांगावाच लागतो, म्हणून गऱ्यांसाठी नुसते ‘टू ईट’ पुरते, झोपाळ्यासाठी ‘टू सिट ऑन’ आणि अडकित्त्यासाठी ‘टू कट विथ’ म्हणावे लागते. ‘अ चेअर टू सिट’ असे लिहिणाऱ्याने मराठीतला मुका ‘-वर’ इंग्रजीतही मुकाच ठेवलेला असतो. वाक्य उलटून ‘खुर्चीवर बसणे’ असे करून पाहिले की राहून गेलेले अव्यय हाती लागते. ‘बोलायला माणूस’ याचे इंग्रजी रूप ‘समवन टू टॉक टू’ असे होते, आणि त्यातल्या दोन ‘टू’पैकी पहिला म्हणजे ‘बोलायला’मधला ‘-ला’, तर दुसरा म्हणजे ‘माणसाशी बोलणे’ यातला, मराठीने न उच्चारलेला ‘-शी’ आहे.